डिक्टेशनच्या वहीतले गायब शब्द

पत्र असं आलंय (थोडं छोटं केलंय):

"ताई, माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे. गेले तीन-चार महिने टीचर सारखं सांगतायत की वर्गात तंद्रीत असते, हाक मारली तरी ओ देत नाही. घरी पण बोलता बोलता मध्येच थांबते, एकटक बघते आणि मग परत चालू. सासूबाई म्हणतात विचार करत असते, मोठी झाली की जाईल. नवरा म्हणतो मोबाइल जास्त झालाय. मी नेटवर वाचलं तर एडीएचडीपासून ब्रेन ट्यूमरपर्यंत सगळं निघालं, आता रात्री झोप नाही. डिक्टेशनमध्ये तर मधलेच शब्द सोडून देते. मागच्या आठवड्यात ग्लासात पाणी ओतत होती, ग्लास भरून टेबलावर सांडायला लागला तरी ही तशीच बघत उभी, मी रागाने एक चापट मारली. रडली पण नाही, नुसतं काय झालं असं बघत राहिली. डॉक्टरकडे न्यावं का? कुणाकडे? आणि फिटचा वगैरे शिक्का बसला तर? – एक आई"

अगं, आधी उत्तर देऊन टाकते, न्यायचं. ह्याच आठवड्यात. रात्री-अपरात्री धावतपळत नाही, पण परीक्षा संपू दे मग बघू असंही नाही. आता बाकीचं निवांत वाच. (मी वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगंतुगं करतेय, चालवून घे.)

मी डॉक्टर नाही हे जुन्या वाचकांना माहितीये. पण नोकरीची सगळी वर्षं माझी ईईजीच्या (मेंदूतल्या विजेची रेघ काढणारी तपासणी) खोलीत गेली, मुलांच्या डोक्याला वायरी चिकटवण्यात, आणि तुझं पत्र वाचताना दोन ठिकाणी मी थांबलेच. तू ते जाता जाता लिहिलंयस, एक ते डिक्टेशन आणि दुसरं ते पाणी.

बघ, ज्या पोराचं लक्ष नसतं त्याचं डिक्टेशन कसं असतं? वेलांट्या उलट्यासुलट्या, अक्षर पुढे पुढे गचाळ, शेवटची दोन वाक्यं लिहिलेलीच नाहीत आणि कडेला एखादं चित्र काढलेलं. म्हणजे कंटाळा हळूहळू चढत गेलेला दिसतो पानावर. पण वाक्याची सुरुवात व्यवस्थित, शेवट व्यवस्थित, अक्षर तेच वळणदार आणि मधले तीन शब्द नाहीतच, पुढच्या ओळीत परत तसंच, हे कंटाळ्याचं काम नाही. टीचर वाचत होत्या तेव्हा त्या तीन शब्दांपुरती पोरगी तिथे नव्हतीच. आपण काही सोडलंय हेही तिला माहीत नसतं, म्हणून तू "हे का नाही लिहिलंस?" विचारतेस तेव्हा ती तुझ्याकडे बघत राहते आणि आपल्याला वाटतं उद्धट झालीये.

पाण्याचंही तेच. तंद्रीतलं मूल हातावर पाणी आलं की दचकतं. ती दचकली नाही, आणि चापट बसल्यावर रडायच्या ऐवजी काय झालं असं बघत राहिली, ह्याचा अर्थ बहुतेक असा की ती त्या क्षणी नुकती परत येत होती आणि तिच्या दृष्टीने पाणी सांडलंच नव्हतं.

ह्या प्रकाराला अॅब्सन्स सीझर म्हणतात, जुने डॉक्टर पेटिट माल म्हणायचे. मी इथे बसून निदान करत नाहीये, ते डॉक्टरच करतील, पण तू लिहिलेलं वर्णन ह्याच्याशी इतकं जुळतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. फिट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पडणं, झटके, तोंडाला फेस एवढंच येतं. ही तसली नाही. ही फिट शांत असते. मूल पडत नाही, ओरडत नाही, ५ ते २० सेकंदं फक्त थांबतं, नजर स्थिर, कधी पापण्या फडफडतात, कधी ओठ चाटल्यासारखे हलतात किंवा बोटं कपडा चाचपतात, आणि मग जिथे थांबलं तिथून पुढे चालू, जणू काही झालंच नाही. नंतर झोप नाही, गोंधळ नाही. साधारण ४ ते १० वर्षं ह्या वयात सुरू होतं आणि दिवसातून एकदा नाही तर कित्येकदा होतं, काही मुलांना दिवसाला शंभरदा सुद्धा. आता तूच हिशोब कर की पन्नास वेळा दहा-दहा सेकंदं गेली तर त्या मुलाला गणिताचा तास कसा ऐकू आला असेल. सगळं ऐकलेलं, पण भोकं पडलेलं.

मग साधी तंद्री आणि ही ह्यात फरक कसा करायचा? नुसत्या हाकेवर जाऊ नकोस, गोष्टीत रमलेलं पोरही हाकेला ओ देत नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लाव, गुदगुली कर. तंद्री असेल तर मोडते, फिट असेल तर ती तिच्या वेळेनेच संपते. दुसरं, कुठे होतंय ते बघ. तंद्री कंटाळवाण्या ठिकाणी लागते, हे मात्र घास तोंडाशी नेताना, आवडता खेळ चालू असताना, बोलताना शब्दाच्या मध्यात पण होतं. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, सुरुवात आणि शेवट. तंद्रीत माणूस हळूहळू उतरतो. ही फिट मात्र स्विच बंद केल्यासारखी सुरू होते आणि स्विच लावल्यासारखी संपते.

एडीएचडीचं म्हणशील तर त्यात लक्ष भरकटतं, वेळ पुसला जात नाही. वर्गात टीचर काय म्हणाल्या ते पोराला सांगता येत नसेल पण खिडकीबाहेर काय चाललं होतं ते सांगता येतं. गंमत म्हणजे (गंमत कसली) दोन्ही एकत्र पण असू शकतात, अॅब्सन्स असलेल्या बऱ्याच मुलांना लक्षाचा त्रास वेगळाही असतो, त्यामुळे फिट्स थांबल्या तरी अभ्यासात अडचण राहिली तर गप्प बसायचं नाही, तेही सांगायचं. आणि ट्यूमरच्या भीतीबद्दल एवढंच की ह्या ठरावीक नमुन्याच्या अॅब्सन्समध्ये बहुतेक वेळा एमआरआयची गरजही पडत नाही. डॉक्टरना काही वेगळं दिसलं तर ते सांगतील करायला, तू आधीच घाबरून स्कॅनच्या मागे लागू नकोस.

नेताना काय न्यायचं ते सांगते, कारण इथेच सगळी गडबड होते. दवाखान्यात पोरगी दहा मिनिटं एकदम टुणटुणीत बसणार, तू म्हणणार हिला कसंतरी होतं, आणि डॉक्टरना कळणार काय? म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढ. जेवताना, गप्पा मारताना फोन समोर उभा करून ठेव आणि दहा-पंधरा मिनिटं चालूच राहू दे, म्हणजे सुरू होण्याच्या आधीचं पण येईल. चेहरा, डोळे आणि हात तिन्ही दिसले पाहिजेत. झालं की घाबरून बंद करू नकोस, तिचं नाव घे, हात लाव, एखादा विचित्र शब्द बोल, आणि ती परत आली की विचार मी आत्ता काय म्हणाले. हे सगळं रेकॉर्ड होऊ दे. तिला ओरडायचं नाही, परीक्षा घेतल्यासारखं करायचं नाही. सोबत एका कागदावर लिही, कधीपासून, दिवसातून अंदाजे किती, किती सेकंदं, घरात कुणाला फिट्स होत्या का, जन्माच्या वेळी काही झालं होतं का, ताप आल्यावर कधी झटके आले होते का. टीचरकडूनही दोन ओळी लिहून घे, त्या तिला तुझ्यापेक्षा जास्त वेळ बघतात.

कुणाकडे? आधी तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे, आणि त्यांना स्पष्ट विचार की मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवाल का आणि ईईजी करायचा का. कुणी व्हिडिओ न बघताच "काही नाही हो, होईल ठीक" म्हणालं तर दुसऱ्याला दाखव, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ईईजीबद्दल माझ्याकडून ऐक, कारण आया दारातच रडायला लागायच्या की शॉक देणार का. शॉकबिक काही नाही. आपण मेंदूत वीज सोडत नाही, मेंदूतली आहे ती फक्त ऐकतो. डोक्यावर विसेक वायरी चिकटवतात, थोडी पेस्ट लागते, ती थंड आणि चिकट असते आणि पोरांची तक्रार बहुतेक तेवढीच असते. जर्मनीतल्या हान्स बर्गर ह्या डॉक्टरने १९२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूची अशी रेघ काढली आणि पुढे स्वतःच्या मुलाच्या डोक्याला पण लावून बघितलं, हे मी घाबरलेल्या बाबा लोकांना सांगायचे, बरं वाटायचं त्यांना. आदल्या दिवशी केस धुऊन ने, तेल, जेल काही लावू नको. झोप कमी करून आणा असं सांगितलं असेल तर खरंच कमी झोपव, दया येऊन गाडीत झोपू देऊ नको, नाहीतर परत यावं लागतं.

मग तिला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतील, लहान मुलांना आम्ही कागदी भिरभिरं द्यायचो फुंकायला. अॅब्सन्स असेल आणि औषध सुरू नसेल तर बहुतेक मुलांमध्ये हे फुंकतानाच दिसतं. मुलगा फुंकतोय, फुंकतोय, भिरभिरं गरगर फिरतंय, आणि अचानक फुंकर थांबते, भिरभिरं हळूहळू थांबतं, पोराचे डोळे तसेच उघडे, आणि इकडे स्क्रीनवर सगळ्या रेघा एकदम उसळतात, टोक आणि लाट, टोक आणि लाट, सेकंदाला तीन, अगदी घड्याळ लावल्यासारख्या. मी तेव्हा हळूच म्हणायचे "पिवळा हत्ती". दहा सेकंदांनी रेघा खाली, भिरभिरं परत सुरू. मग विचारायचं मी कुठला प्राणी म्हणाले रे, आणि पोरगं म्हणायचं तुम्ही काही बोललाच नाहीत. शेजारी बसलेल्या आईचा चेहरा तेव्हा बघवत नसे. महिनोन्महिने आपण ज्याला "लक्ष कुठेय तुझं" म्हणत होतो ते काय होतं, ते तिला त्या दहा सेकंदांत दिसायचं.

हे फुंकण्याचं घरी करू नको हं. तपासायला म्हणून पण नको. मुद्दाम फिट आणायची गरज नाही, ते डॉक्टरांच्या समोरच.

औषधाचं. अॅब्सन्ससाठी मुख्य औषधं म्हणजे इथोसक्सिमाइड आणि व्हॅलप्रोएट, आणि तिसरं लॅमोट्रिजिन. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ४०० हून जास्त मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पहिली दोन साधारण सारखीच चालली, लॅमोट्रिजिन मागे पडलं, आणि लक्षावर होणारा परिणाम इथोसक्सिमाइडमध्ये व्हॅलप्रोएटपेक्षा कमी दिसला, म्हणून बरेच डॉक्टर इथोसक्सिमाइडने सुरुवात करतात. त्याने सुरुवातीला पोट दुखणं, मळमळ, झोप येणं होऊ शकतं, खाण्याबरोबर दिलं की पोटाला जरा बरं पडतं. व्हॅलप्रोएटने वजन वाढू शकतं, लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं आणि मुलींच्या बाबतीत पुढे गरोदरपणात बाळाला धोका असतो, त्यामुळे ते दिलं तर डॉक्टरांशी ह्यावर मोकळेपणाने बोल, मुलगी अजून लहान आहे म्हणून सोडून देऊ नको. आणि एक, नात्यातल्या कुणाच्या फिटच्या गोळ्या घरात पडल्यात म्हणून देऊन बघू असं चुकूनही नको, कार्बामाझेपीन, फेनिटॉइनसारखी दुसऱ्या फिट्सना चालणारी औषधं ह्या फिट्स उलट वाढवू शकतात. सुरू केलेलं औषध मनाने बंद करायचं नाही. साधारण दोन वर्षं एकही फिट नसेल तर डॉक्टर हळूहळू कमी करतात, आणि बहुतेक मुलांचं वयात येईपर्यंत हे थांबून जातं. सगळ्यांचं नाही. काहींच्या फिट्स पुढे वेगळ्या रूपात राहतात, पण त्यांनाही औषधं आहेत.

म्हणजे तुझ्या सासूबाई म्हणतात "मोठी झाली की जाईल" ते पुष्कळदा खरं ठरतंसुद्धा. पण तोपर्यंतची वर्षं शाळेत भोकं पडलेलीच जातात ना, आणि पोहताना, रस्ता ओलांडताना ते दहा सेकंद आले तर? निदान होईपर्यंत आणि औषध लागू पडेपर्यंत एवढं कर, आंघोळीला दाराला कडी नाही आणि टबपेक्षा शॉवर किंवा बादली बरी, पोहायला तेव्हाच जेव्हा कुणीतरी नुसतं काठावर नाही तर तिच्यावर डोळा ठेवून असेल, सायकल रहदारीत नको, उंच चढणं नको. बाकी खेळू दे, पळू दे. काचेच्या कपाटात ठेवू नकोस.

शिक्क्याचं विचारलंस. हो, ह्याला एपिलेप्सीच म्हणतात, अपस्मार, मी गोड करून सांगत नाही. ती वेड नाही, संसर्ग नाही, तुझ्या हातून काही झालं म्हणून आलेली नाही, मोबाइलमुळे तर नाहीच नाही (नवऱ्याला दाखव हे वाक्य). त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो पण बऱ्याच घरांत आधी कुणालाच नसतं. आणि शिक्का तर बसलेलाच आहे गं आत्तासुद्धा. आळशी, बावळट, तंद्रीराम, हे शिक्केच आहेत की. त्यापेक्षा ज्या नावाला औषध आहे ते नाव बरं, असं मला वाटतं. टीचरना सांग, लपवू नकोस. त्यांनी करायचं फार नाही, थांबायचं, ओरडायचं नाही आणि ती परत आली की तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. तेवढ्याने सुद्धा डिक्टेशन भरतं.

आता तुझ्या मुलीचं नाही पण इथे इतर आईबाबा पण वाचतात म्हणून थोडं घाईत सांगते. तान्ह्या बाळाला, विशेषतः ३ ते १२ महिन्यांच्या, झोपेतून उठल्यावर एकामागोमाग एक दचकल्यासारखे झटके येत असतील, मान पुढे आणि हात वर, नमस्कार केल्यासारखे, तर ते पोटदुखी म्हणून सोडू नका, त्याच दिवशी व्हिडिओ घेऊन जा, ह्यात दिवस मोजावे लागतात. विल्यम वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४१ मध्ये 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरांच्या नियतकालिकाला पत्र लिहून हे पहिल्यांदा मांडलं आणि ते बाळ त्याचं स्वतःचं होतं. पत्र लिहून विचारणारा बाप, डॉक्टर असून. म्हणून पत्र लिहायला कुणी लाजू नये. बाकी, येत असलेलं बोलणं किंवा चालणं हळूहळू जायला लागलं, वर्षाच्या आत बाळ सतत एकच हात वापरतंय आणि दुसरा मुठीतच, चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत चढल्यासारखा उठतोय, ह्या सगळ्याला वाट न बघता दाखवायचं. सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी, नव्याने तिरळेपणा, तोल जाणं, ह्याला तर उद्यावर पण नको. आणि झटक्याची मोठी फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, नाकाशी काही धरू नका, हातपाय दाबू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटांच्या वर गेली, लागोपाठ आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर सरळ हॉस्पिटल.

तुझ्या मुलीचं जर ३० सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल, किंवा नंतर ती गोंधळलेली, झोपाळलेली असेल, तर ती वेगळ्या प्रकारची फिट असू शकते आणि औषधही वेगळं, म्हणून सेकंद मोज. अंदाजाने नको, भीती वाटली की दहाचे साठ वाटतात.

राहता राहिली ती चापट. तू पत्रात त्यावर दोनच वाक्यं लिहिलीस, पण झोप लागत नाही ती त्यानेच, हे मला कळलं. मीही कामाला लागायच्या आधी माझ्या भाच्याला असंच "नाटकं करू नको" म्हटलंय, तेव्हा कुठे माहीत होतं. तिला बसवून सांग की त्या दिवशी पाणी सांडलं ते तू मुद्दाम नव्हतं केलंस, मला उशिरा कळलं, माझं चुकलं. आणि तिला कधी कधी असं वाटतं का विचार, की सगळे एकदम पुढे निघून गेले आणि आपल्यालाच कळलं नाही, खेळात, वर्गात, कार्टून बघताना. सात वर्षांची मुलं हे फार छान सांगतात, विचारणारं कुणी असलं तर. ती जे शब्द वापरेल तेच डॉक्टरना सांग, आपले घालू नको.

आणि ती डिक्टेशनची वही दप्तरातून काढून आत्ताच बाजूला ठेव, फाइलबरोबर ती पण न्यायचीये. गेल्या तीन-चार महिन्यांची पानं आणि त्याच्या आधीची, दोन्ही. गाळलेल्या जागा लाल पेनाने भरू नकोस, आहेत तशाच राहू देत.